ब्रेडेड दोरीसाठी क्लिंच की युनि?

गेल्या हिवाळ्यात दारणा धरणाच्या फुगवट्यावर एक मोठी मरळ माझ्या गळाला लागली आणि काठापासून दोन हातांवर आली असताना निसटली. दोरी गुंडाळून पाहिली, तर टोकाला गळ नव्हता, पण दोरी तुटलेलीही नव्हती. ब्रेडेड, म्हणजे बारीक तंतूंची वेणी घालून केलेली दोरी तुटली की तिचे टोक पिंजलेल्या कापसासारखे फिसकारते. हे टोक मात्र कात्रीने कापले होते तसेच शाबूत होते आणि त्यामागच्या बोटभर भागावर वेढ्यांच्या बारीक लाटा उमटलेल्या होत्या. दोरीने दगा दिला नव्हता, गाठ सरकली होती. युनि म्हणून मी जी गाठ मारली होती ती क्लिंच होती, हे घरी येऊन दोन्ही गाठी जाड सुतळीवर मारून पाहिल्यावर कळले.

हा घोटाळा एकट्या माझाच झाला असेल असे वाटत नाही. दोन्ही गाठींत दोरी गळाच्या नेढ्यातून ओवायची असते, दोन्हींत मोकळ्या टोकाचे पाच-सात वेढे घ्यायचे असतात आणि आवळून झाल्यावर दोन्ही गाठी नेढ्याला टेकलेल्या लहानशा स्प्रिंगसारख्या दिसतात. फरक असतो तो वेढे कशाभोवती पडतात यात, आणि तो आवळण्यापूर्वीच दिसतो.

क्लिंचमध्ये नेढ्यातून बाहेर आलेले टोक मूळ दोरीभोवती गुंडाळत वर नेतात, मग खाली आणून नेढ्याजवळच्या पहिल्या लहान फटीतून ओढून घेतात. सुधारित क्लिंचमध्ये तेच टोक त्यानंतर तयार झालेल्या मोठ्या फाशातूनही एकदा काढतात. या गाठीची सगळी पकड मोकळे टोक वेढ्यांच्या आणि नेढ्याच्या मधे चिमटून राहण्यावर असते. युनिमध्ये टोक नेढ्यातून काढून मूळ दोरीला समांतर वीतभर मागे नेतात, तिथून नेढ्याच्या दिशेने वळवून एक फास तयार करतात आणि मग त्या फाशाच्या आतून, दोन्ही समांतर दोऱ्या एकत्र धरून, त्यांच्याभोवती वेढे घेतात. टोक ओढले की वेढे एकमेकांना बिलगतात आणि मूळ दोरी ओढली की ती सगळी गुंडाळी सरकत जाऊन नेढ्याला भिडते. थोडक्यात, युनि हा वेढ्यांनी आवळलेला सरकता फास आहे. ओळखण्याची सोपी खूणही यातच आहे: गाठ पूर्ण आवळण्यापूर्वी नखाने मागे ढकलून पाहावी. युनि मूळ दोरीवर मागे सरकते आणि नेढ्यापाशी फास उघडतो. क्लिंचमध्ये असा फास नसतोच.

तंगुसावर, म्हणजे नायलॉनच्या एकेरी दोरीवर, हा फरक फारसा जाणवत नाही. नायलॉन मऊ असतो, दाबाखाली किंचित चेपतो आणि एका वेढ्याचा वळ दुसऱ्यावर उमटून तो आपोआप अडकतो. गंगापूर किंवा मुकणे धरणावर कणकेचा गोळा लावून रोहू-कटल्यासाठी बसणाऱ्यांनी वर्षानुवर्षे क्लिंच मारली असेल, तर ती बदलण्याचे मला काही कारण दिसत नाही. वेढे पाच घ्यावेत आणि आवळण्यापूर्वी गाठ ओली करावी. कोरडी गाठ ओढली की घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथल्या तिथे कमजोर होतो.

ब्रेडेड दोरीची प्रकृतीच वेगळी आहे. ती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनच्या तंतूंची वेणी असते. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्याच तंतूंची व्यापारी नावे. हे तंतू वजनाच्या मानाने कमालीचे बळकट असतात, पण तितकेच गुळगुळीत. रेशीमगाठ सुटत नाही असे आपण म्हणतो, पण खऱ्या रेशमाच्या दोऱ्याला साधी गाठ मारून पाहिलेल्या माणसाला तिचा भरवसा किती असतो ते ठाऊक असते. ब्रेडेड दोरी त्याहूनही निसरडी. शिवाय ती बारीक असते: वीस पौंडांची ब्रेडेड दोरी जाडीला सहा पौंडांच्या तंगुसाइतकीच भरते. अशा दोरीवर क्लिंचमधले चिमटलेले टोक मासा डोके झटकेल तसे केसाकेसाने मागे सरकते. वेढे वाढवून हा दोष झाकता येईल असे वाटते खरे, पण सात-आठांच्या पुढे गेले की क्लिंचचे वेढे एकसारखे बसत नाहीत, एकमेकांवर चढतात आणि गाठ अर्धवटच आवळली जाते. युनिमध्ये वेढे दुहेरी दोरीवर आवळले जात असल्याने पकड गाठीच्या सबंध लांबीभर वाटली जाते आणि तिथे सात किंवा आठ वेढे घेता येतात. एवढे केल्यावरही मोकळे टोक गाठीला लागून कापू नये. अर्धा सेंटिमीटर ठेवावे. कापायला धारदार कात्री लागते. नेलकटरने तंगूस कटकन तुटतो, ब्रेडेड दोरी मात्र चावलेल्या उसाच्या चोयट्यासारखी होऊन राहते. टोक लायटरने जाळून बोंडी करण्याची हौस काहींना असते. हे तंतू साधारण दीडशे अंश सेल्सिअसलाच वितळतात, त्यामुळे बोंडीबरोबर गाठही जाण्याची शक्यता असते.

पालोमर या गाठीचा उल्लेख इथे करायला हवा, कारण ब्रेडेड दोरीवर ती युनिइतकीच विश्वासू आहे आणि मारायला अधिक सोपी. अडचण अशी की तिच्यात दुहेरी दोरीच्या फाशातून संपूर्ण गळ काढावा लागतो. सुट्या गळासाठी हे ठीक आहे, पण दोन तिहेरी गळ लटकणारे वीतभर लांबीचे ल्यूर, म्हणजे खोटे आमिष, त्या फाशातून काढताना दोरीपेक्षा बोटेच जास्त अडकतात.

ट्रोलिंगमध्ये, म्हणजे चालत्या नावेमागे ल्यूर ओढत नेण्याच्या प्रकारात, प्रश्न आणखी निराळा होतो. नाशिकहून त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणूच्या किनाऱ्याला जाऊन सुरमईसाठी नाव करणाऱ्यांनी हे निघण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. नाव पुढे जात असते, मासा धडक देऊन उलट वळतो, आणि ब्रेडेड दोरी जवळजवळ ताणली जात नसल्याने तो झटका कुठेही न मुरता थेट गाठीवर येतो. म्हणून रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सुटू देणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवतात आणि ब्रेडेड दोरीपुढे काही मीटर जाड तंगुसाचा लीडर जोडतात. तो ताणला जाऊन झटका थोडा पचवतो. ल्यूरपर्यंत ब्रेडेड दोरी पोहोचतच नाही, त्यामुळे इथे खरी गाठ असते ती ब्रेडेड दोरी आणि लीडर यांच्या सांध्याची. क्लिंच या जागी चालतच नाही, कारण तिला टेकायला नेढे लागते. युनि मात्र चालते: दोन दोऱ्यांची टोके समोरासमोर ठेवून प्रत्येकीने दुसरीवर युनि मारायची, ब्रेडेड बाजूला आठ वेढे, जाड लीडरच्या बाजूला तीन-चार, आणि दोन्ही गाठी एकमेकींना भिडवायच्या. लीडर फार जाड असेल तर ही जोडगाठ रॉडच्या कड्यांत खटखटते. तिथे एफजी नावाची गाठ घालतात, जिच्यात लीडर सरळच राहतो आणि ब्रेडेड दोरी त्याच्याभोवती आलटून-पालटून विणली जाते. हलत्या नावेत ती शिकायला जाऊ नये. शंभर पौंडांच्या आसपासच्या तंगुसाला तर गाठीऐवजी धातूची नळी दाबून बसवतात, आणि सुरमईच्या दातांपुढे शेवटच्या हातभर भागात पोलादी तारच लागते, जिला गाठ न मारता पीळ देतात.

दोन गाठींची तुलना घरीच करायची असेल तर वीस पौंडांच्या, म्हणजे सुमारे नऊ किलोंच्या, ब्रेडेड दोरीचा हातभर तुकडा घ्यावा. एका टोकाला किल्ल्यांची कडी क्लिंचने बांधावी, दुसऱ्या टोकाला तशीच कडी युनिने. एक कडी खिडकीच्या गजाला अडकवून दुसरीत रिकामी बादली टांगावी; तळ जमिनीपासून चार बोटेच वर असू द्यावा. मग लिटरच्या मापाने पाणी ओतत जावे. दोन्ही गाठींवर भार एकच येत असल्याने आधी कोणती सोडते ते उघड दिसते. मी तीनदा करून पाहिले. तीनही वेळा बादली खाली बसली तेव्हा युनिची कडी दोरीला घट्ट लागलेली होती आणि क्लिंचची कडी दोरीवाचून मोकळी झाली होती.