जपानी गाड्यांत टर्बो आला कुठून, आणि नागपूरच्या उन्हात तो सांभाळायचा कसा

हल्ली नागपुरात जपानी टर्बो गाड्या लय दिसतात, फ्रॉन्क्स आहे, मॅग्नाइट आहे, टायसर आहे, आणि समृद्धी झाल्यापासून 120 नं तासन् तास गाडी दामटणारे पण वाढले, त्यामुळे "भाऊ, टर्बो टिकतो का?" हे वर्धा रोडपासून कामठीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. पण आधी हा टर्बो जपानी गाड्यांत काहून घुसला ते पाहावं लागते.

बहुतेकांना वाटते की तो रेसिंगमधून आला. मला विचाराल तर मुळात तो टॅक्समधून आला.

टर्बोचं पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीचं, 1905 चं. सायलेन्सरातून वाया जाणाऱ्या गरम धुरानं एक चक्र फिरवायचं, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या चक्रानं हवा दाबून इंजिनात कोंबायची, हवा जास्त तर इंधन जास्त जळते आणि ताकद वाढते. जपानमध्ये 1970 च्या दशकात गाडी 2000 सीसीच्या वर गेली की वरच्या वर्गात जायची आणि वर्षाचा टॅक्स दुपटीच्या आसपास जायचा, लांबी 4.7 मीटर किंवा रुंदी 1.7 मीटरच्या वर गेली तरी तेच. त्यात 1973 चं तेलाचं संकट, मग 1978 चे धुराचे कडक नियम, इंजिनं पार दबून गेली होती. मग सीसी न वाढवता ताकद आणायची कशी? डिसेंबर 1979 मध्ये निस्साननी सेड्रिक आणि ग्लोरिया टर्बो लावून आणल्या, दोन लिटरच्या आत सहा सिलिंडर, 145 पीएस (पीएस म्हणजे इंजिनाची ताकद मोजायचं एकक, जवळपास हॉर्सपॉवरच). सरकारला टर्बो म्हणजे वेगाचं वेड वाटत होतं, निस्साननी तो वाया जाणाऱ्या धुरातून इंधन वाचवायचा उपाय म्हणून मांडला आणि परवानगी मिळाली.

एकदा दार उघडलं मग काय, टोयोटा, मित्सुबिशी सगळेच धावले. छोट्या 550 सीसीच्या वर्गातसुद्धा 1987 ला सुझुकीनी आल्टो वर्क्समधून 64 पीएस काढले! 1989 ची स्कायलाइन जीटी-आर तर नियमांचं गणित मांडूनच बनली, ग्रुप ए रेसिंगमध्ये (विकाऊ गाड्यांवर बेतलेल्या गाड्यांची शर्यत) टर्बो इंजिनाचे सीसी 1.7 नं गुणायचे, म्हणून तिचं आरबी26 इंजिन नेमकं 2568 सीसीचं, म्हणजे गुणून 4366 च्या आसपास, 4500 च्या आतल्या वर्गात बसते. कंपन्यांनी आपसात 280 पीएसची मर्यादा ठरवली होती, 2004 पर्यंत चालली, पण कागदावर 280 लिहिलेल्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे मुख्य सांगाडा, मात्र त्याच्या कितीतरी वरची ताकद झेलणारा असायचा. आरबी26, टोयोटा सुप्राचं 2जेझेड, मित्सुबिशी लान्सर इव्होचं 4जी63, तिन्हीचे ब्लॉक बिडाचे, म्हणून आजही लोक त्यांच्यावर जीव टाकतात आणि माझाही आहे.

आपल्याकडे ही इंजिनं कंपनीनी विकलीच नाही. 1998 ला आलेली लान्सर पेट्रोल बिना टर्बोचीच होती. विदर्भात जपानी टर्बो घराघरात नेला तो इनोव्हानी, क्वालिसच्या डिझेलला टर्बो नव्हता, 2005 च्या इनोव्हाच्या अडीच लिटर डिझेलला होता. आणि पेट्रोल टर्बोची गोष्ट पुन्हा टॅक्सचीच, 2006 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला करात सूट, म्हणून 2017 ला बलेनो आरएस आली 998 सीसीची, 2020 ला मॅग्नाइट एक लिटरची, दोन्ही तीन सिलिंडरच्या, ताकद 100 पीएसच्या आसपास. जपानमध्ये घडलं तेच थोड्या फरकानं इथे घडलं.

आता सांभाळायचं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो आणि पेट्रोल गाडीत धुराकडची बाजू 900 डिग्रीच्या घरात जाते. जुने टर्बो फक्त ऑइलवर थंड व्हायचे, जोरात चालवून लगेच चावी बंद केली की आतलं ऑइल जळून कोळसा व्हायचं, म्हणून तर जपानी पोरं टर्बो टायमर लावायचे, जो चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवतो. नंतर पाण्यानं थंड होणारे आले, काही नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पंप चालतो. तरी समृद्धीवरून उतरून सरळ ढाब्यावर थांबत असाल तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू या, किंवा मिनिटभर गाडी चालू ठेवा, काही बिघडत नाही.

मे महिन्यात 45 डिग्रीत दुपारी गाडी दबल्यासारखी वाटते ना, त्यात बहुतेकदा बिघाड नसतो. गरम हवा विरळ असते, इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर, पण तीच गरम हवा खातो, आणि नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकणं) होऊ नये म्हणून गाडीचा कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. इंटरकूलरच्या जाळीत धूळ-किडे अडकले असतील तर अजून दबते, उन्हाळ्याआधी ती हलक्या पाण्यानं धुऊन घ्या, जोराचा प्रेशर मारू नका, पातळ पट्ट्या वाकतात. एअर फिल्टर तर इथल्या धुळीत वेळेआधीच बदलावा. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच टाका, आणि कंपनी 10,000 किलोमीटर म्हणते तिथे मी तरी 7,000 लाच बदला म्हणेन, कारण टर्बोच्या तुलनेत ऑइल फार स्वस्त आहे.

सेकंड हँड घेताना नुसती शिट्टी ऐकून घाबरू नका, निळा धूर आणि ऑइल खाणं पाहा. मग मेकॅनिककडून थंड इंजिनवर इनटेकचा (हवा आत नेणारा) पाइप काढून शाफ्ट हातानं हलवून बघा, आडवा किंचित हलणं चालते, पण आत-बाहेर खेळत असेल किंवा पाती घराला घासत असेल तर त्या टर्बोचा खर्च गाडीच्या किमतीतून कमी करूनच बोलणी करा.