ओठातला दागिना जुना, जिभेतला नवा

तोंडात टोचून घेण्याचा विषय निघाला की ‘ही तर हजारो वर्षांची परंपरा आहे’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. टोचून देणारे स्टुडिओवाले ते सांगतात आणि घरच्यांची समजूत घालणारी मुलंही सांगतात. ओठापुरतं ते खरं आहे. जिभेबाबत मात्र ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याचा संबंध थेट जखम भरण्याशी आहे. म्हणून हा इतिहास जरा सावकाश पाहायला हवा.

ओठाचे पुरावे फार मागे जातात. आग्नेय तुर्कस्तानात बोन्जुकलू तार्ला इथे सुमारे ११,००० वर्षांपूर्वीची वसाहत खणून काढली आहे. तिथल्या दफनांमध्ये काही सांगाड्यांच्या कानांपाशी आणि जबड्यापाशी छोटे दगडी दागिने मिळाले. २०२४ साली त्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. जबड्याजवळचा दागिना ओठातलाच होता, हे ओळखायला दात उपयोगी पडले. खालच्या समोरच्या दातांवर सतत काहीतरी घासल्याची झीज होती. हे दागिने प्रौढांबरोबरच सापडले, लहान मुलांबरोबर नाहीत. अलास्का आणि ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरच्या जुन्या सांगाड्यांमध्येही दातांवर अशीच झीज दिसते. तिथल्या ट्लिंगिट आणि हायडा समाजातल्या स्त्रिया खालच्या ओठात लाकडी दागिना घालत आणि त्यावरून घराण्याची प्रतिष्ठा कळे. दातांची ही खूण ध्यानात ठेवावी, कारण आजच्या दंतवैद्यांनाही तीच भेटते.

मेक्सिकोतल्या ॲझ्टेक साम्राज्यात ओठातला दागिना हा सत्तेचा भाग होता. ऑब्सिडियन (ज्वालामुखीची काच), स्फटिक, हिरवा दगड किंवा सोनं यांपैकी कोणी काय घालायचं, हे हुद्द्यावरून आणि रणांगणातल्या पराक्रमावरून ठरे. सामान्य माणसाला सोन्याचा दागिना घालण्याची मुभा नव्हती. स्पॅनिश आले आणि बहुतेक सोनं वितळवलं गेलं. वाचलेल्यांपैकी एक अप्रतिम नमुना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. तो सोन्याचा नाग आहे आणि त्याची जीभ वेगळी घडवून अशी बसवली आहे की घालणारा बोलला किंवा चालला की ती हलावी. हा दागिना विधींत आणि रणांगणावर पुन्हा पुन्हा घालायचा, म्हणजे त्यासाठीची जखम पूर्ण बरी झालेली आणि भोक कायमचं असणार.

जिभेचा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. त्यातला सर्वांत प्रसिद्ध पुरावा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मेक्सिकोच्या चियापास प्रांतात उसुमासिंता नदीकाठी याश्चिलान हे माया लोकांचं नगर होतं. तिथल्या एका दारावरच्या आडव्या शिळेत राणी काबाल शोक गुडघ्यांवर बसलेली कोरली आहे. ती काटे ओवलेली दोरी जिभेतून ओढते आहे. समोर राजा मशाल धरून उभा आहे आणि खाली टोपलीत रक्ताचे डाग पडलेले कागद आहेत, जे पुढे देवाला जाळून अर्पण करायचे. शिळेवरची तारीख आपल्या कालगणनेत इ.स. ७०९ च्या ऑक्टोबरची येते. हा देवाला रक्त अर्पण करण्याचा विधी होता. दोरी ओढून झाली की जीभ मोकळी. तिथे दागिना ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, तमिळ भक्तांचं व्रतही असंच आहे. तैपूसम या सणाला पळनीत, पेनांगमध्ये, सिंगापुरात आणि क्वालालंपूरजवळच्या बाटू गुहांपाशी भक्त जिभेतून आणि गालांतून छोटा वेल, म्हणजे मुरुगनचा भाला, आरपार घालतात. आधी काही दिवस उपवास आणि संयम पाळलेला असतो. भाला तोंडात असेपर्यंत बोलता येत नाही आणि ते मौन व्रताचाच भाग आहे. देवापाशी पोचल्यावर भाला काढतात, जखमेवर विभूती लावतात. या भक्तांकडे पाहून ‘जीभ किती लवकर बरी होते’ असं म्हणणारे एक गोष्ट विसरतात. त्यांच्या जखमेत काहीच ठेवलेलं नसतं. आरपार गेलेली सळई काढली की जीभ स्वतःला मिटवून घेते. स्टुडिओत टोचलेल्या जिभेला धातूची दांडी तशीच राहू देऊन तिच्याभोवती नवी त्वचा धरावी लागते. हे काम निराळं आहे आणि त्याचा अनुभव माणसाकडे जेमतेम पन्नास वर्षांचा आहे.

भोकात काहीतरी ठेवून जखम भरू द्यायची, हे शास्त्र आपल्याकडे कानाच्या बाबतीत मात्र फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत कर्णवेधाचा स्वतंत्र अध्याय आहे. बाळाच्या कानाची पाळी उन्हात धरायची, जिथून उजेड आरपार दिसेल तिथेच टोचायचं. जागा चुकली तर कालिका, मर्मरिका, लोहितिका या शिरांना इजा होऊन ताप, सूज, वेदना होतात, असं बजावलं आहे. मग कापसाची वात घालायची, तेल सोडायचं आणि दर तीन दिवसांनी थोडी जाड वात बदलायची. सोनाराने कान टोचला आणि घरी आजीने खोबरेल-हळद लावली, ही पद्धत याच वळणाची. पण हे सगळं कानाच्या पाळीसाठी आहे. हळद-तेलाचा लेप तोंडात टिकत नाही, आणि कान टोचण्याची गन तर जिभेवर कधीच चालवू नये. ती निर्जंतुक करता येत नाही, तिची कानातली तोकडी असते आणि जिभेची सूज तिला गिळून टाकते.

आजचा जिभेतला दागिना आला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून. १९७५ मध्ये जिम वॉर्डने लॉस एंजेलिसमध्ये घरूनच ‘गॉन्टलेट’ हा टोचण्याच्या दागिन्यांचा व्यवसाय सुरू केला आणि १९७८ मध्ये दुकान थाटलं. गिऱ्हाईक मुख्यतः समलिंगी पुरुषांच्या वर्तुळातलं होतं, आणि आजच्या पिअर्सिंगची बरीचशी रीत त्याच वर्तुळात घडली. हे श्रेय फारसं कोणी देत नाही, ते द्यायला हवं. सरळ दांडी आणि दोन टोकांना गोळ्या, हा बार्बेल वॉर्डने फ्रँकफर्टच्या होर्स्ट श्ट्रेकेनबाख ऊर्फ टॅटू सॅमीकडे पाहिला होता. त्यातली खुबी आट्यांत होती. आपल्या कुड्यांच्या फिरकीचे आटे दांडीवर बाहेरून असतात. ते ताज्या जखमेतून ओढले तर खरवडतात. सॅमीच्या दांडीचे आटे आतल्या बाजूला होते, त्यामुळे जखमेतून गुळगुळीत धातूच जाई.

नव्वदच्या दशकात ही गोष्ट सर्वत्र पोचली. स्पाइस गर्ल्स या ब्रिटिश गायिकांच्या गटातल्या मेल बीच्या जिभेत दागिना होता, आणि १९९८ मध्ये ब्रिटनच्या राणीची नात झारा फिलिप्स तो घालून दिसली तेव्हा तिकडची वर्तमानपत्रं भरून गेली. टोचणाऱ्यांची अमेरिकेतली संघटना १९९४ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी युरोपीय संघाने दागिन्यांतल्या निकेल या धातूवर निर्बंध घालणारा निर्देश काढला. आज शरीरात बसवायच्या इम्प्लांटसाठी वापरतात त्या दर्जाचं टायटॅनियम मागावं असं सांगतात, ते बरंचसं या निकेलच्या ॲलर्जीमुळे.

जखमेची निगाही या काळात बदलली. सुरुवातीला अल्कोहोलवाला झणझणीत माउथवॉश दिवसातून अनेकदा वापरायला सांगत. त्याने तोंडातले उपयोगी जंतूही मरत, जीभ पांढरी पडे आणि भरणं लांबे. आता अल्कोहोल नसलेला माउथवॉश किंवा सलाइन म्हणजे मिठाचं पाणी, खाल्ल्यानंतर चूळ, मऊ नवा ब्रश आणि पहिले दिवस बर्फाचे तुकडे एवढंच सांगतात. सूज पहिल्या तीन ते पाच दिवसांत सर्वांत जास्त असते. पिवळट-पांढरा स्राव येतो, तो प्रत्येक वेळी पू नसतो. जिभेला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, ओठाला सहा ते आठ. भरपूर रक्तपुरवठा आणि लाळ या दोन्हींची मदत होते. लाळेतलं हिस्टॅटिन हे प्रथिन जखम मिटवायला हातभार लावतं, हे ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. तंबाखू, गुटखा, सिगारेट यांनी हाच फायदा हातचा जातो.

धोका मात्र खरा आहे. १९९७ मध्ये ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये जीभ टोचल्यानंतर जबड्याखाली पसरलेल्या जीवघेण्या संसर्गाची नोंद आली. हनुवटीखाली टणक सूज, ताप, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास यांपैकी काहीही दिसलं तर स्टुडिओला फोन करत बसू नये, रुग्णालय गाठावं. हृदयाच्या झडपेचा आजार किंवा लहानपणी संधिवाताचा ताप होऊन गेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात काही टोचूच नये. वेल्सने २०१७ च्या कायद्यात अठरा वर्षांखालच्यांना गुप्तांगांबरोबर जीभ टोचण्यालाही बंदी केली, ती या धोक्यांकडे पाहूनच.

सगळ्यांत दुर्लक्षित भाग दांडीच्या लांबीचा. सूज सामावण्यासाठी पहिली दांडी मुद्दाम लांब, साधारण १८ ते २२ मिलिमीटरची घालतात. सुश्रुताची वात दर तीन दिवसांनी जाड होत जाते, इथे उलट आहे. सूज उतरली की परत जाऊन दांडी आखूड करून घ्यायची असते. बरेच जण दुखायचं थांबलं म्हणून जातच नाहीत. २००२ मध्ये अमेरिकेत ५२ जणांचे दात तपासून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लांब दांडी दोन वर्षं किंवा अधिक घालणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या खालच्या पुढच्या दातांमागची हिरडी खाली सरकलेली होती. चार वर्षांहून जास्त घालणाऱ्यांपैकी ४७ टक्के लोकांच्या दाढांचे टवके उडाले होते. हिरडी एकदा सरकली की आपोआप वर येत नाही. मुंबई-पुण्यात कुठे टोचून घ्यायचं ठरवलंच, तर पैसे देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: दांडी कुठल्या धातूची, आणि दुसरी, आखूड दांडी कधी बसवून देणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल, तर तिथून उठावं.