चंदेरी डाग आणि पांढरी भुकटी : ॲल्युमिनियमच्या रायफलवरील झीज व गंज

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि त्या उकाड्यात जाड जाकीट चढवून दहा मीटर एअर रायफलचा सराव करणाऱ्याच्या गालावरचा व हातांचा घाम थेट ॲल्युमिनियमच्या स्टॉकवर, म्हणजे रायफलच्या हाताने धरायच्या व गालाला टेकणाऱ्या सांगाड्यावर, उतरतो. पुढे त्या स्टॉकवर काही चंदेरी आणि काही पांढुरके डाग दिसू लागतात व दोहोंना सरसकट ‘गंज’ म्हटले जाते. प्रत्यक्षात चंदेरी डाग ही बहुधा झीज असते, तर पांढुरका डाग हा गंज असतो. एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर नुकसानच होते.

स्टॉकचा काळा, निळा किंवा तांबडा रंग हा सहसा वरून मारलेला रंग नसतो. आम्लाच्या द्रावणात वीज सोडून ॲल्युमिनियमचाच पृष्ठभाग ऑक्साइडमध्ये बदलतात, त्याच्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरवतात आणि मग ती छिद्रे बंद करतात. हेच ॲनोडायझिंग होय. स्वयंपाकघरातील काळपट हार्ड ॲनोडाइज्ड कढई याच जातीची. शोभेचा रंगीत थर साधारण 5 ते 25 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर हार्ड थर 25 ते 50 मायक्रॉनचा असतो. हा थर पृष्ठभागाला काटकोनात वाढत असल्यामुळे धारदार कडांवर तो नीट सांधला जात नाही, आणि म्हणूनच घासून घासून रंग प्रथम कडांवरूनच उडतो. रेलच्या (जोडभाग बसवण्याच्या पट्टीच्या) कडा, लिव्हर टेकण्याची जागा, केसमधून काढता-ठेवताना घासणारा कोपरा या झिजेच्या ठरलेल्या जागा आहेत. तेथे नख फिरवले तर ते सरकन निसटते. उघडा पडलेला धातू हवेत लगेच स्वतःचा अतिशय पातळ ऑक्साइड थर धरतो, त्यामुळे ही झीज दिसायला वाईट असली तरी सोलापूरच्या कोरड्या हवेत ती वर्षानुवर्षे तशीच राहू शकते.

गंजाची जागा मात्र लपलेली असते. चीकपीसच्या (गाल टेकवण्याच्या भागाच्या) रबराखाली, पोलादी स्क्रूच्या डोक्याभोवती आणि ओलसर फोमच्या केसमध्ये घामातील क्षार साचून राहतात. त्यांतील क्लोराइड ऑक्साइडचा थर भेदून धातूला खड्डे पाडते. पोलाद व ॲल्युमिनियम एकमेकांना भिडलेले असून मध्ये खारट ओल असेल, तर झिजते ते ॲल्युमिनियम. तेथे पांढरी भुकटी किंवा फुगलेला पापुद्रा दिसतो आणि नख अडकते. तांबडा डाग दिसल्यास तो ॲल्युमिनियमचा नव्हे, शेजारच्या स्क्रूचा असतो.

शंका राहिलीच तर मल्टिमीटर, म्हणजे दोन टोकांमधून वीज वाहते का हे आवाजाने सांगणारे उपकरण, उपयोगी पडतो, कारण ॲनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही. दोन चंदेरी डागांवर टोके टेकवल्यावर मीटर वाजला, तर थर घासून धातू उघडा पडला आहे. पांढऱ्या भुकटीवर मात्र ही कसोटी फसवी ठरते, कारण भुकटीही वीज अडवते. तेथे नखावरच विसंबावे.

झिजलेल्या जागेवर तेलाचा हलका हात पुरे. डाग एकसारखा दिसावा म्हणून तारेचा काथ्या घासणे हा तर शुद्ध आडमुठेपणा आहे. त्याने उरलेला थर जातो आणि लोखंडाचे कण मात्र मागे राहतात. धुण्याचा सोडाही टाळावा, कारण अल्कलीत हा थर विरघळतो. गंजावर मात्र नुसते तेल लावून चालत नाही, कारण तेलाने क्षार निघत नाहीत. भाग सुटे करून ओल्या फडक्याने पुसावेत, भुकटी नायलॉनच्या ब्रशने काढावी, भाग पूर्ण वाळवावेत आणि स्क्रूला ग्रीस लावून पुन्हा बसवावेत. पडलेले खड्डे नव्या ॲनोडायझिंगने भरत नाहीत. उलट जुना थर उतरवताना थोडा धातूही जातो आणि आटे सैल होतात.

रायफलला दाबलेली हवा पुरवणाऱ्या सिलिंडरवर मात्र यांतले काहीच स्वतः करू नये. त्यात साधारण 200 बार दाब असतो, म्हणून त्यावर खड्डा दिसताच हवा भरणे थांबवून तो उत्पादकाच्या सेवाकेंद्रात तपासून घ्यावा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी नियमांत सिलिंडरची वैधता कमाल दहा वर्षांची आहे, आणि ती मुदत संपलेल्या सिलिंडरवर नुसती झीज आहे की गंज, हा प्रश्नच उरत नाही.