धर्म, भाषा आणि मत : सीमाभागातली पार्श्वभूमी

मत देताना उमेदवाराचा धर्म किंवा श्रद्धा बघावी का, हा इथला प्रश्न. ब्रिटिश सरकारच्या १९०९च्या सुधारणांनी मुसलमान मतदारांची यादीच वेगळी केली. उमेदवाराचा धर्म बघायचा की नाही, हे मतदाराने ठरवायच्या आधी सरकारनेच ठरवून टाकलं. संविधानाने ते मोडलं. कलम ३२५प्रमाणे मतदारसंघाला एकच यादी, आणि धर्मावरून कुणाचं नाव गाळता येत नाही. बेळगाव मुंबई राज्यात असताना पहिली सार्वत्रिक निवडणूक अशाच यादीवर झाली.

प्रचाराला लगाम घालतं ते १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३). त्यात धर्म आणि जातीच्या पंगतीला भाषाही बसवली आहे, याचा सीमाभागात सोयीस्कर विसर पडतो. 'मराठी शाळा टिकवायला मत द्या' हे चालतं. 'उमेदवार मराठी आहे म्हणून द्या' हे भ्रष्ट आचरण. भाषा जपण्याचं आवाहन भ्रष्ट आचरण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४मध्येच सांगितलं. धर्म फक्त उमेदवाराचा धरायचा की मतदाराचाही, हा वाद मात्र २ जानेवारी २०१७पर्यंत रेंगाळला. चार विरुद्ध तीन मतांनी ठरलं : मतदाराचाही.

प्रत्यक्षात भ्रष्ट आचरण सिद्ध करणं जिकिरीचं. निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका, २,००० रुपये अनामत. अर्ज भरण्याआधीची भाषणं बहुतेकदा सुटतात, कारण कायद्याच्या लेखी तोवर तो उमेदवारच नसतो. भाषण दुसऱ्याने ठोकलं असेल तर उमेदवाराची संमती दाखवावी लागते. याचिका इथेच गळपटतात.

हे सगळे निर्बंध मत मागणाऱ्यावर. देणाऱ्याने काय बघावं, यावर कायदा गप्प आहे. शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, शिक्षण येतं. धर्माचा रकाना नाही. अपवाद राखीव जागांचा. बेळगाव जिल्ह्यातले कुडची आणि रायबाग अनुसूचित जातींसाठी राखीव. तिथे अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५०च्या आदेशामुळे उमेदवार हिंदू, शीख किंवा बौद्धच असावा लागतो. यमकनमर्डी अनुसूचित जमातींसाठी. तिथे धर्माची अट नाही.

यमकनमर्डीचंच उदाहरण बोलकं आहे. आमदार सतीश जारकीहोळी ६ डिसेंबरला बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानात अंधश्रद्धेविरुद्ध कार्यक्रम घेतात, रात्रही तिथेच काढतात. नोव्हेंबर २०२२मध्ये निपाणीत 'हिंदू' शब्दाबद्दल ते बोलले, गदारोळ झाला, विधान मागे घ्यावं लागलं. २०२३ला मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. स्मशानात रात्र काढणारा चालतो की नाही, याचं उत्तर निदान एका मतदारसंघाने दिलं.

आमच्या मते उमेदवार सौंदत्तीच्या यल्लम्माला जातो की जात नाही, हा त्याचा प्रश्न. ती श्रद्धा विधेयकात उतरली की मात्र आपला. नोव्हेंबर २०१७मध्ये अंधश्रद्धाविरोधी आणि २३ डिसेंबर २०२१ला धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेने मंजूर केलं, दोन्ही बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधात. पण धर्मांतराचं विधेयक आवाजी मतदानाने झालं. आपल्या आमदाराचं मत कुठल्या बाजूला पडलं, ते नावानिशी मिळणार नाही. तो बोलला असेल तर सभागृहाच्या कार्यवाहीत शोधावं लागेल.