राखेत पुरलेला मणी पक्का होत नाही

ठाण्यात काचमणी शिकायला येणारे बरेच जण एक गोष्ट ऐकूनच येतात: ज्योतीवरून काढलेला मणी गरम राखेत किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या हलक्या, भुसभुशीत खनिजात) पुरला की झालं, भट्टी हवीच कशाला? हे चुकीचं आहे.

राखेत मणी हळू निवतो, म्हणून लगेच तडकत नाही, एवढंच. बाहेरची काच आधी आवळते, आतली मागून, आणि त्या ओढाताणीचा ताण आतच अडकतो. माझा एक निळा मणी राखेतून अगदी अखंड निघाला होता. तीन आठवड्यांनी डबीतच भोकापासून चिरलेला सापडला.

ताण घालवायला इटलीतल्या मुरानोच्या मऊ रंगीत कांड्यांची काच साधारण ५१० ते ५२० अंश सेल्सिअसला काही वेळ धरून सावकाश उतरवावी लागते; बोरोसिलिकेट या जास्त कडक काचेला सुमारे ५६५. घरी भट्टी नसेल तर साठवलेले मणी नंतर एकदम ॲनिल करता येतात, म्हणजे असेच तापवून सावकाश उतरवता येतात. फक्त ते गार भट्टीत ठेवून हळूहळू तापवा, तापलेल्या भट्टीत कधीच टाकू नका. पारदर्शक मणी एकमेकींना आडव्या-उभ्या धरलेल्या दोन पोलराइज्ड काचांमध्ये (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या) धरलात तर उरलेला ताण उजळ पट्ट्यांसारखा दिसतो. आणि या दोन जातींच्या कांड्या एकाच मण्यात मिसळल्या असतील, तर भट्टीही तो वाचवू शकत नाही, कारण दोन्ही काचा सारख्या आकसत नाहीत.