गालिसियनमधलं आर्टिकलचं 'दुसरं रूप' खरं तर पहिलं: थोडी पार्श्वभूमी

स्पॅनिश येणारा माणूस गालिसियनला, म्हणजे स्पेनच्या वायव्येकडच्या गालिसिया भागातल्या भाषेला, हात घालतो तेव्हा पहिले दोन दिवस एकदम सोपं वाटतं. आर्टिकल (इंग्रजीतल्या 'द' सारखा शब्द) एल-ला च्या जागी ओ-आ, अनेकवचनात ओस-आस, झालं. मग कुठंतरी 'कोमेलो काल्दो' असं कानावर येतं (काल्दो म्हणजे तिकडचं पालेभाजी-बटाट्याचं सूप) आणि हा 'लो' मधेच कुठून उगवला ते कळत नाही. पुस्तकात उत्तर असतं, 'आर्टिकलचं दुसरं रूप'. माझ्या मते निम्मा घोळ या नावानेच केलाय, कारण इतिहास बघितला तर हे दुसरं नाहीच, जुनं रूप हेच.

लॅटिनमध्ये मराठीसारखंच आर्टिकल नव्हतं. 'तो' या अर्थाचा 'इल्ले' बोलता बोलता झिजला आणि त्याचे लो, ला झाले. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, म्हणजे जिथून पुढे गालिसियन आणि पोर्तुगीज दोन्ही निघाल्या तिथे, दोन स्वरांच्या मधला ल गळायला लागला. आर्टिकल सारखं स्वरांच्या मधेच सापडायचं, त्यामुळे त्याचाही ल गेला आणि उरले नुसते ओ, आ. पण आधीचा शब्द र किंवा स ने संपत असेल तर ल ला आधार मिळायचा, उलट तो र-सच त्याच्यात विरघळायचा. 'कोमेर' म्हणजे खाणं, पुढे 'लो', झालं 'कोमेलो'. म्हणजे हा ल नव्याने चिकटलेला नाही, वाचलेला आहे.

स्पॅनिशपेक्षा लिंग वेगळं असलेल्या शब्दांची यादी असते, तिथेही हाच गळालेला ल भेटतो. स्पॅनिशमध्ये कोलोर आणि दोलोर, इकडे कोर (रंग) आणि दोर (दुखणं). ल तर गेलाच, वर लिंगही फिरलं, लॅटिनमध्ये आणि स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी, गालिसियनमध्ये स्त्रीलिंगी. पुलाचंही तसंच, आ पोन्ते. झाडाचं मात्र उलटं, लॅटिनमधलं स्त्रीलिंग गालिसियनने जपलं (आ आर्बोरे) आणि स्पॅनिशने बदललं. दूध आणि मध लॅटिनमध्ये नपुंसकलिंगी होते, आपल्या 'ते दूध' सारखे, ते लिंगच मोडल्यावर त्यांना कुठंतरी जाणं भाग होतं, गालिसियनमध्ये ते 'तो' झाले (ओ लेइते, ओ मेल), स्पॅनिशमध्ये 'ती'. त्यामुळे 'गालिसियनने लिंगं बदलली' असं सरसकट म्हणतात ते चूक आहे, कधी हिने बदललं कधी तिने. जाता जाता, आपली चावी पोर्तुगीजांकडून आली, गालिसियनमध्येही तोच शब्द आहे, आ चावे, च चा उच्चार शाबूत आणि स्त्रीलिंगीच.

गालिसियात सापडलेला सगळ्यात जुना गालिसियन दस्तऐवज १२२८ चा मानतात. सोळावं ते अठरावं शतक लिखाणात जवळपास अंधार, भाषा घरात आणि शेतात, कागदावर कॅस्टिलियन, म्हणजे स्पॅनिश. एकोणिसाव्या शतकात लोक पुन्हा लिहायला लागले तेव्हा नियम सांगणारं कोणी नव्हतं, ज्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं, आर्टिकल जोडताना कुणी अपॉस्ट्रॉफी टाकली कुणी हायफन, आणि तो हायफनही ल च्या आधी की नंतर यावर एकमत नाही.

खरी मारामारी १९८२ ची. आदल्याच वर्षी स्वायत्ततेच्या कायद्याने गालिसियनला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा दिला होता, भाषा शाळेत न्यायची होती, आणि त्यासाठी एकच शुद्धलेखन हवं होतं. भाषेची अकादमी आणि विद्यापीठातली संस्था यांनी मिळून नियम केले, त्यात हा ल हायफन लावून लिहायचा, 'कोमे-लो काल्दो'. हायफन का, तर 'कोमेलो' जोडून लिहिलं की अर्थ 'ते खाणं', तिथला लो सर्वनाम आहे. बोलण्यात फरक नाही, कागदावर हवा. दुसऱ्या बाजूचे, म्हणजे गालिसियन आणि पोर्तुगीज ही एकच भाषा मानणारे, म्हणाले की पोर्तुगीज सर्वनामाला ल लावतं पण आर्टिकलला नाही, तर आपणही 'कोमेर ओ काल्दो' लिहू, उच्चार ज्याचा त्याने करावा. मुद्दा अगदीच फालतू नाही. पण मला अजूनही वाटतं की १९८२ चं बरोबर होतं, कारण शाळेत फक्त स्पॅनिश शिकलेल्या माणसाला कागदावर 'कोमेर ओ' दिसलं की तो तसंच वाचणार, र पक्का ठेवून, आणि आजीच्या तोंडातला ल एका पिढीत जाणार. तसं बऱ्यापैकी झालंही, शहरात नव्याने गालिसियन बोलायला लागलेल्यांकडून तो ल आता कमीच ऐकू येतो.

नियम पुढे सैल झाले. आज हे रूप लिहिणं सक्तीचं आहे ते दोनच ठिकाणी, 'पोर' या शब्दयोगीनंतर (पोलो, पोला) आणि 'कुठंय?' विचारणाऱ्या छोट्याशा 'ऊ' नंतर, ऊ-लो कान, कुत्रा कुठंय. बाकी ऐच्छिक. २००३ मध्ये दोन्ही गटांना जवळ आणणारी सुधारणा झाली, तिच्यात 'आ' हा शब्दयोगी (म्हणजे 'कडे') आणि आर्टिकल 'ओ' यांच्या संधीसाठी नुसत्या 'ओ' पेक्षा पोर्तुगीजसारखं 'आओ' पुढे केलं, जुनं रूपही चालू ठेवून.

आर्टिकलवरून लोक रस्त्यावरच्या पाट्यांपर्यंत भांडले तो किस्सा आ कोरुन्याचा. १९८३ च्या कायद्याने गावांची गालिसियन रूपं तेवढीच अधिकृत ठरवली, तरी त्या शहराची नगरपालिका कित्येक वर्षं स्पॅनिश 'ला कोरुन्या' मधला 'ला' सोडायला तयार नव्हती, आणि प्रांताचं नाव तर माद्रिदच्या संसदेने १९९८ मध्ये बदललं. शिकणाऱ्याने यात एक पकडायचं, हा 'आ' नावाचा भाग असला तरी शब्दयोगीत मिसळतो, 'कोरुन्यात' म्हणजे 'ना कोरुन्या', 'ग्रोवेचा' म्हणजे 'दो ग्रोवे', नकाशावर मात्र ते गाव 'ओ ग्रोवे' म्हणूनच शोधावं लागतं.