आधी कोगनोळी, मग विमानतळ : महामारीतल्या परदेशवारीच्या नियमांची पार्श्वभूमी

परदेशातलं औद्योगिक प्रदर्शन, स्पर्धा, परिषद किंवा यात्रा यांसाठी महामारीत जे आरोग्यनियम आले, त्यांचा विचार करताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर विमानतळावरचा काउंटर येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यातल्या माणसाला मात्र आधी कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवरचा कोगनोळीचा नाका आठवतो. मुंबई-पुण्याचं विमानतळ गाठायचं तर महाराष्ट्राची हद्द, दाबोळी गाठायचं तर गोव्याची. बेंगळूरला जाताना हद्द आड येत नाही, पण इथल्या मराठी माणसाची सवयीची वाट मुंबईची. म्हणून या भागात नियमांचा एक थर कायमच जास्तीचा होता, आणि त्या थराची नोंद आंतरराष्ट्रीय नियमांच्या इतिहासात कुठेच सापडत नाही.

जुना इतिहास थोडक्यात. साथ आणि प्रवास यांवर देशांनी एकत्र बसून बोलायला १८५१ मध्ये पॅरिसला सुरुवात केली. १८६५ च्या हज यात्रेत कॉलऱ्याने हाहाकार माजवला आणि पुढच्याच वर्षी इस्तंबूलला परिषद भरली. म्हणजे ‘गर्दीसाठी परदेशी जाणारा माणूस’ हा नियमांचा विषय पहिल्यांदा झाला तो यात्रेकरूच्या रूपात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये मुंबई बंदरातून जाणारी हजची जहाजं थांबवली गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. रेल्वे स्थानकांवर उतारूंची तपासणी, गावाबाहेरच्या छावण्या, घराघरांत शिरणारी पथकं हे सगळं बेळगाव-धारवाड-हुबळी भागानेही भोगलं. तोच कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. कर्नाटकाने त्या वर्षी स्वतःचा वेगळा कायदाही केला.

मधल्या काळात लशीचं कार्ड हाच प्रवासाचा परवाना होता. देवीची लस टोचल्याचा दाखला तीन वर्षं चाले, कॉलऱ्याचा सहा महिने. बेळगावच्या टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो मैदान आपण महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्यामुळे ओळखतो, पण नावातलं ‘व्हॅक्सिन’ देवीच्या लशीचं आहे. कॉलऱ्याच्या दाखल्याची अट १९७३ मध्ये गेली, देवीचं नाव जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय नियमांतून १९८१ मध्ये वगळलं गेलं आणि उरला फक्त पीतज्वर. २००५ मध्ये नियम नव्याने लिहिले गेले, २००७ पासून लागू झाले. त्यांतही प्रवाशाकडे नाव घेऊन दाखला मागता येईल असा आजार तेवढा एकच होता.

त्यामुळे ११ मार्च २०२० रोजी महामारी जाहीर झाली तेव्हा परदेशी कार्यक्रमाला जाणाऱ्याने कोणता कागद दाखवायचा, याला जगभर एक असं उत्तरच नव्हतं. ज्याच्या घरी कार्य, त्याचा नियम. टोकियोने ऑलिम्पिक एक वर्ष पुढे ढकललं आणि परदेशी प्रेक्षकांना बंदीच केली. खेळाडूंच्या निघण्याआधी ९६ तासांत दोन चाचण्या आणि तिथे गेल्यावर रोज लाळेची चाचणी, पण लसीची सक्ती नाही. ग्लासगोच्या हवामान परिषदेत रोज सकाळी स्वतःच चाचणी करून मग आत. दुबईच्या एक्स्पोत लशीचा दाखला किंवा ७२ तासांतला आरटीपीसीआर, दोन्हींपैकी काहीही चाले. सौदीने २०२१ ची हज देशात राहणाऱ्या लसवंतांपुरतीच ठेवली. हॅनोव्हरचं औद्योगिक प्रदर्शन १९४७ पासून पहिल्यांदाच रद्द झालं ते २०२० मध्ये. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्री आणि मशीनशॉपवाल्यांना ही शेवटची बातमी बाकीच्यांपेक्षा जास्त जवळची होती.

या सगळ्यात आपल्याकडे सर्वांत वादग्रस्त ठरावा असा निर्णय जून २०२१ चा आहे, आणि त्यावर म्हणावी तशी चर्चा झाली नाही.

कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर सुरुवातीला चार आठवडे होतं, मार्चमध्ये सहा ते आठ झालं आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे. अंतर वाढवल्याने संरक्षण चांगलं मिळतं हे कारण सांगितलं गेलं. त्याच दिवसांत लशीचा तुटवडा होता, हेही सगळ्यांनी पाहिलं. मग ७ जूनला केंद्राने एक कार्यपद्धती काढली : परदेशी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस घेता येईल. पण कोणाला? शिक्षणासाठी जाणारे, नोकरीसाठी जाणारे आणि टोकियोला जाणारे खेळाडू व त्यांच्यासोबतचा चमू. प्रत्येक जिल्ह्यात एक अधिकारी नेमायचा, त्याने प्रवेशपत्र, नोकरीचं पत्र किंवा निवडीचा कागद पाहायचा, आणि दाखल्यावर आधारऐवजी पासपोर्टचा क्रमांक घालायचा. सवलत ३१ ऑगस्टपर्यंत जाणाऱ्यांनाच.

आता हिशेब मांडू. बेळगावातल्या पन्नाशीच्या एखाद्या कारखानदाराने २० मे रोजी पहिला डोस घेतला असेल, तर ८४ दिवसांच्या नियमाने दुसरा १२ ऑगस्टला. दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस झाल्याशिवाय बहुतेक देश ‘पूर्ण लसीकरण’ मानत नव्हते, म्हणजे २६ ऑगस्ट. तोच जर विद्यार्थी असता तर १ जुलैलाच मोकळा. छप्पन्न दिवसांचा हा फरक प्रवासाच्या कारणावरून पडला, शरीरावरून नाही. व्यापारी प्रदर्शनाला जाणारा, परिषदेत निबंध वाचणारा, परदेशातल्या मराठी मंडळाच्या बोलावण्यावरून कार्यक्रमाला जाणारा कलाकार, यांपैकी कोणीही त्या यादीत नव्हता. आणि ज्या ऑलिम्पिकला लस सक्तीची नव्हती, त्याचं नाव यादीत होतं. खेळाडूंना सवलत द्यायला हरकत कोणाचीच नव्हती. पण ज्यांचं पोट प्रदर्शनातल्या ऑर्डरींवर चालतं त्यांची आठवण कोणालाच झाली नाही, हे लपत नाही.

वैद्यकीय कारण खरं असेल तर परदेशी जाणाऱ्याला ते लागू का नाही, हा प्रश्न केरळात थेट उच्च न्यायालयात गेला. सप्टेंबरमध्ये एकल न्यायपीठाने पैसे भरून लस घेणाऱ्यांना चार आठवड्यांनी डोस घेण्याची मुभा दिली. डिसेंबरमध्ये खंडपीठाने तो निकाल फिरवला. तोवर देशात डोस मुबलक झाले होते आणि वादातली धार गेली होती.

कोव्हॅक्सिनवाल्यांची गत याहून विचित्र. या लशीच्या मानवी चाचण्या २०२० च्या जुलैत ज्या बारा केंद्रांवर सुरू झाल्या त्यांतलं एक बेळगावात होतं. पण जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ३ नोव्हेंबर २०२१ ला. त्याआधी जो कोव्हॅक्सिन घेऊन निघाला तो पुष्कळ देशांच्या लेखी बिनलशीचाच. कोविशील्डचंही सुरळीत नव्हतं. ब्रिटनने लस मान्य केली, पण भारतातला दाखला मानला नाही. ४ ऑक्टोबरपासून भारताने तिथल्या नागरिकांना उलट दहा दिवसांचं विलगीकरण लावलं आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने माघार घेतली. जन्मतारखेच्या जागी नुसतं वय छापलेला दाखला चालेना, म्हणून त्याच सुमारास पूर्ण जन्मतारखेचा नवा दाखला काढण्याची सोय झाली.

आता नाका. मे २०२० मध्ये कर्नाटकाने महाराष्ट्रासह चार राज्यांतून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत बंदी घातली. २२ ऑगस्टला केंद्राने राज्यांना लिहिलं की आंतरराज्य प्रवासावर निर्बंध नकोत. तरी फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्र आणि केरळातून येणाऱ्यांना ७२ तासांतला आरटीपीसीआर लागू झाला, आणि जुलैअखेर तर लसीचे दोन्ही डोस घेतलेल्यांनाही. कोगनोळीला गाड्यांची रांग, शिनोळीकडून येणाऱ्या दुचाक्या अडवलेल्या, बसमधून खाली उतरवून मोबाइलवरचा रिपोर्ट दाखवायला लावलेले प्रवासी. हद्दीपलीकडच्या चंदगडचा माणूस रोज बेळगावच्या बाजारात येतो, त्याला दर तीन दिवसांनी नाकात काडी घालणं परवडणार कसं?

परदेशी जाणाऱ्याची कसरत इथे दुप्पट झाली. त्या ऑगस्टपासून दुबईला जायचं तर ४८ तासांच्या आतला, क्यूआर कोड असलेला रिपोर्ट आणि शिवाय विमानतळावर उड्डाणाआधी काही तासांत रॅपिड पीसीआर चाचणी. रॅपिडची यंत्रं सुरुवातीला मोजक्याच विमानतळांवर होती. बेळगावात नमुना द्यायचा, रिपोर्टची वाट पाहायची आणि पाचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता कापायचा. घड्याळ नमुना दिल्यापासून पळतं, रिपोर्ट हातात आल्यापासून नाही, हे अनेकांना मुंबईला पोचल्यावर समजलं. परत येताना केंद्राच्या एअर सुविधा पोर्टलवर अर्ज, तिथला निगेटिव्ह रिपोर्ट, आणि मुंबईत एक रात्र मुक्काम झाला तर कोगनोळीपर्यंत त्या रिपोर्टचे ७२ तास उलटून गेलेले.

पुढे नियम भराभर बदलले. ओमिक्रॉनमुळे १ डिसेंबर २०२१ पासून धोक्याच्या देशांतून येणाऱ्यांची उतरल्यावर चाचणी, ११ जानेवारीपासून सगळ्यांना सात दिवस घरी बसणं, १४ फेब्रुवारीला ते रद्द. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा २७ मार्च २०२२ ला सुरू झाली. हॅनोव्हरचं प्रदर्शन मेअखेर पुन्हा भरलं. एअर सुविधा २२ नोव्हेंबर २०२२ ला बंद झालं, चीनमधल्या लाटेमुळे १ जानेवारीपासून सहा ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी पुन्हा उघडलं आणि फेब्रुवारीत मिटलं. ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं.

२०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत दुरुस्त्या झाल्या, १९ सप्टेंबर २०२५ पासून त्या लागू आहेत. दाखले कागदावर किंवा डिजिटल, दोन्ही रूपांत चालतील आणि त्यांवर काय असावं याची चौकट ठरली आहे. हे सगळं देशादेशांतलं. एका देशातली दोन राज्यं एकमेकांच्या माणसांकडे कोणता कागद मागू शकतात, परदेशी चाचणीचा रिपोर्ट राज्याच्या नाक्यावर किती तास धरायचा, याबद्दल त्यांत काही नाही. कोगनोळीचे आदेश मागे घेतले गेले तेही राज्याच्या परिपत्रकाने. पुढच्या वेळी ते पुन्हा काढायला दुसरं परिपत्रक पुरेल.